न पाहिलेलं चुंबक

१ जानेवारी, सकाळी

नवीन वर्ष, नवीन डायरी. विमा एजंटने फुकट दिली, पण कागद बरा आहे. ही फक्त माझ्यासाठी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहिणार.

संकल्प. पीएच.डी. या वर्षी संपवणे. म्हणजे संपवणेच. रोज सकाळी फिरायला जाणे. आणि एनएमआरचं मशीन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे.

शेवटच्याबद्दल स्पष्ट लिहितो. मंगरूळपीरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवताना केस पांढरे झाले. एनएमआरचा, म्हणजे चुंबकाने रेणूची रचना ओळखण्याचा, चॅप्टर दरवर्षी मीच घेतो. पोरं म्हणतात, गावंडे सरांसारखा एनएमआर कोणी शिकवत नाही. (डिपार्टमेंटमध्ये तो घ्यायला दुसरं कोणी नाही, हा भाग वेगळा.) पण मशीन मी कधी पाहिलेलं नाही. पुस्तकातलं चित्र पाहिलं आहे, स्टीलच्या मोठ्या पिंपासारखं. पोरांनी विचारलं की 'लय मोठं असतं' म्हणतो. आजवर निभावलं.

फिरायला उद्यापासून. आज धुकं आहे.

बायकोचं, रूपाचं, म्हणणं असं की उजव्या हाताला मुंग्या येतात. थंडी आहे, येणारच.

३ जानेवारी, संध्याकाळी

आज रिअ‍ॅक्शन लावली! पीएच.डी.चं सगळं गाडं या एका कंपाउंडवर अडलं आहे. एक अल्डिहाइड घ्यायचं, एक किटोन घ्यायचं, दोन्ही अल्कोहोलमध्ये विरघळवायची, पोटॅश टाकायचं आणि ढवळत ठेवायचं. दोघांचं जुळलं की मधून पाणी निघून जातं आणि दोघांचा मिळून एक नवा रेणू तयार होतो. असा रेणू जगात आधी कोणी केला नसावा असं मला वाटतं. अमरावतीचे माझे गाइड म्हणतात, वाटून उपयोग नाही, एनएमआर आणा.

कॉलेज सुटताना ढवळायचा विजेचा स्टरर सुरू केला. रात्रभर चालला पाहिजे. आमचा लॅब अटेंडंट भाऊसिंग, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, त्याला बजावलं की माझ्या टेबलावरच्या कशाला हात लावायचा नाही. 'नाई लावत साहेब,' म्हणाला. शब्दाचा पक्का माणूस.

फिरायला गेलो नाही. पहाटे कुत्री फार असतात.

४ जानेवारी, दुपारी

पिवळे स्फटिक! बर्फाच्या पाण्यात ओतलं आणि खाली बसले. गाळून घेतले, वाळत टाकले. नाव ठेवलं 'जे-वन'. जे म्हणजे जगदेव. हे कोणाला सांगायचं नाही.

मेल्टिंग पॉइंट पाहिला. शुद्ध पदार्थ ठराविक तापमानाला झटकन वितळतो. हा आधी घामेजला, मग ओलसर झाला, मग बऱ्याच वेळाने वितळला. थर्मामीटर जुना आहे. नव्यासाठी अर्ज करणे.

टीएलसीच्या प्लेटवर (जितके पदार्थ तितके ठिपके) दोन ठिपके आले. एक यायला पाहिजे होता. प्लेट खराब दिसते.

९ जानेवारी, जेवणानंतर

आज आई आणि रूपाला एनएमआर समजावून सांगितला. दोघी बसल्याच होत्या, म्हटलं विज्ञानाचा प्रसार घरातून व्हावा.

सांगितलं असं: शाळेच्या मैदानात पोट्टे जमले आहेत, ज्याचं तोंड जिकडे तिकडे. झेंडावंदनाला 'सावधान' म्हटलं की बहुतेक सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. पदार्थातले हायड्रोजनचे प्रोटॉन म्हणजे ते पोट्टे. प्रत्येक जण एक बारीकसं चुंबकच. आणि आपलं मोठं चुंबक म्हणजे 'सावधान'. मग त्यांच्यावर रेडिओची लहर सोडायची, बरोबर त्यांच्याच तालाची. ताल जुळला की ते कलंडतात. लहर बंद केली की हळूहळू जागेवर येतात, आणि येता येता स्वतःच बारीक रेडिओ-आवाज देतात. मशीन तो ऐकतं. प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा, कारण प्रत्येकाभोवती इलेक्ट्रॉनची छत्री असते. कोणाची दाट, कोणाची फाटकी. ज्याची छत्री फाटकी, त्याची रेघ कागदावर डावीकडे सरकते. रेघा पाहिल्या की रेणूत कोण कुठे बसलं आहे ते कळतं.

आई म्हणाली, "तुले दिसलं का थे?"

म्हटलं, आई, ते दिसत नसतं, ऐकायचं असतं.

"म्हंजे न दिसणारं शिकवतो, अन पगार दिसणारा घेतो. बरं हाये बापा."

आईशी शास्त्रीय चर्चा होऊ शकत नाही.

रूपाने मात्र नीट ऐकलं. कप डाव्या हातात धरून बसली होती. मी म्हटलं, शेजारच्या कार्बनवर दुसरे हायड्रोजन असले की एका रेघेच्या दोन होतात, तीन होतात, शेजाऱ्यांच्या संख्येप्रमाणे. तिने विचारलं, "अन शेजारी कोणीच नसला त?"

मग एकच सरळ रेघ. त्याला सिंगलेट म्हणतात.

"बरं," म्हणाली आणि ताटं उचलायला गेली. एक ताट निसटून पडलं. लक्ष कुठे असतं हिचं कोण जाणे.

१५ जानेवारी

स्टाफरूममध्ये संघपालला टीएलसीची प्लेट दाखवली. संघपाल फिजिक्सचा. माझा मित्र आहे, पण त्याचं पीएच.डी. केव्हाच झालं, त्यामुळे त्याला माझी धडपड कळत नाही. प्लेट उजेडाकडे धरून म्हणाला, "जगदेवभाऊ, दोन ठिपके म्हंजे दोन चिजा न?"

म्हटलं, प्लेट खराब आहे.

"मंग दुसरी करा."

म्हटलं, एनएमआर आल्यावर सगळं स्पष्टच होईल, कशाला उगाच प्लेट वाया घालवायची. तो हसला. हसण्यात मत्सर होता.

फिरणं: या आठवड्यात एकदा. औषधाच्या दुकानापर्यंत. रूपासाठी मलम आणलं, म्हणजे मी घरात लक्ष देत नाही असं नाही.

२१ जानेवारी, संध्याकाळी

आजचा प्रयोग शैक्षणिकदृष्ट्या यशस्वी म्हणावा लागेल. फायनलच्या पोरांना मैदानात नेलं. प्रत्येकाला प्रोटॉन केलं. 'सावधान' म्हणताच सगळे उत्तरेकडे तोंड करून उभे. मी शिट्टी वाजवली की आडवं व्हायचं, शिट्टी थांबली की सावकाश उठायचं आणि उठताना आपापला सूर लावायचा. छत्र्यांच्या जागी ओढण्या आणि रुमाल दिले.

सूर लावा म्हटल्यावर कोणी गाणं सुरू केलं, कोणी बकरीचा आवाज काढला. शेजारच्या शाळेची पोरं भिंतीवर चढून बसली. प्राचार्य बाहेर आले तेव्हा नेमके सगळे जमिनीवर आडवे होते. त्यांना वाटलं, उपोषण आहे.

केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "गावंडे, फळा कायले दिला हाये?"

या देशात मूलभूत शिक्षणाला वाव नाही.

३ फेब्रुवारी

एका मोठ्या शहरातल्या संस्थेत मशीन आहे. नाव लिहीत नाही, उगाच. फोन केला. सँपल घेऊन स्वतः येतो म्हटलं, सोबत विद्यार्थी, एक दिवस मशीन पाहतो. तिकडचा माणूस म्हणाला, सर, सँपल कुरिअर करा, आत कोणाला सोडत नाही.

म्हटलं, मी हा विषय शिकवतो.

म्हणाला, हो का, छान. कुरिअर करा.

अर्धा तास प्रयत्न केला. चुंबक लिक्विड हेलियममध्ये बुडालेलं असतं, उणे दोनशे एकोणसत्तर डिग्री, हे मला माहीत आहे, मी काही अडाणी माणूस नाही, लांबून पाहीन, असं सगळं बोललो. तो म्हणाला, सर, तुमच्या मागे आणखी फोन वेटिंगवर आहेत.

मशीन पाहणे: पुढे ढकलले. रद्द नाही.

रूपाच्या शाळेत आज फळ्यावर लिहिताना खडू हातातून दोनदा पडला म्हणे. ती शेलूबाजारजवळच्या जिल्हा परिषद शाळेत आहे, वर्ग मोठा, लिहिणं खूप. तिला बी-कॉम्प्लेक्स घ्यायला सांगितलं.

८ फेब्रुवारी

जे-वन कुरिअरने रवाना. छोट्या काचेच्या बाटलीत, कापसात गुंडाळून. वर लेबल, माझ्या अक्षरात. कुरिअरवाल्याने विचारलं, काय आहे. सांगितलं, नवीन रेणू. त्याने पावतीवर 'पावडर' लिहिलं.

पोरांना दाखवायला एनएमआरची एक नळी मागवली होती, तीही आली. पेन्सिलीपेक्षा बारीक, लांब, सुंदर काच. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली. आईने विचारलं, ताप मोजाचं हाये का. तेवढ्यात रूपाने हाक मारली, "जरा सिलेंडर सरकवता का, माह्या हातात जोरच नाई राह्यला." वाकलो. खिशातली नळी मोडली.

सिलेंडर सरकवायची हीच वेळ सापडली. बोललो तिला. नंतर वाटलं, नको होतं बोलायला. पण नळी मोडली हे खरंच आहे.

११ फेब्रुवारी, जेवताना लिहितो आहे

संस्थेचा मेल: सँपल मिळालं, रांगेत आहे. तेच वाचत होतो, तेव्हा रूपा सांगत होती की ती आज इथल्या डॉक्टरकडे जाऊन आली. मानेतली नस दाबली असेल म्हणतात, अकोल्याला जाऊन एमआरआय करा म्हणतात.

एमआरआय! मी मोबाइल खाली ठेवला. म्हटलं, रूपा, एमआरआय म्हणजे मुळात एनएमआरच! तेच चुंबक, तीच रेडिओ-लहर, फक्त नळीच्या जागी माणूस. आपल्या अंगात पाणीच पाणी, पाण्यात हायड्रोजनच हायड्रोजन. एनएमआरमधला एन म्हणजे 'न्यूक्लिअर', लोक त्या शब्दाला घाबरतात म्हणून तो नावातून काढून टाकला. वास्तविक त्यात किरणोत्सर्ग नसतोच, न्यूक्लिअर म्हणजे अणूचा गाभा, बस्स. बराच वेळ समजावलं. आईसुद्धा ऐकत होती. फार दिवसांनी घरात असा संवाद झाला.

रूपा म्हणाली, "समजलं. मंग कधी जाऊ?"

अठ्ठावीसला विज्ञान दिनाचं माझं व्याख्यान आहे. त्याच्यानंतर जाऊ म्हटलं. मी सोबत येतोच. मशीनजवळ उभं राहता येईल का, ते तिथे विचारीन.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी

व्याख्यान झालं. 'एनएमआर: रेणूंचा आवाज'. हॉल अर्धा भरला, तोही हजेरी घेणार म्हणून जाहीर केल्यामुळे. प्रोजेक्टर चालला नाही. फळ्यावर काढून दाखवलं. खडूचा हात माझा उत्तम आहे.

उपयोग सांगितले. औषध बनवणारा म्हणतो माझ्या गोळीत अमुक रेणू आहे, तर खरंच आहे का आणि सोबत कोणती भेसळ आहे, हे रेघांवरून कळतं. मधात साखरेचा पाक घातला असेल तर कळतं. सोयाबीनचा दाणा न फोडता त्यात तेल किती, ओल किती, हेसुद्धा कळतं. यावर मागच्या बाकावरचा करण नावाचा पोरगा जागा झाला. "सर, मंग थे मशीन शेलूबाजारच्या मार्केटात बसवा न. ओल हाये म्हणून व्यापारी भाव पाडतात आमचा."

टाळ्या. व्याख्यानातल्या त्याच काय त्या टाळ्या.

मग त्यानेच विचारलं, "सर, तुमी पायलं का थे मशीन?"

म्हटलं, जवळ जाऊन पाहता येत नाही, चुंबक फार शक्तिशाली असतं. लोखंडी वस्तू खेचून घेतं.

हे खोटं नाही. एक अक्षर खोटं नाही. संघपाल पहिल्या रांगेत होता, चष्मा पुसत होता.

६ मार्च

सँपल अजून रांगेत. दिवसातून कितीदा मेल उघडतो ते लिहीत नाही.

रूपाने अकोल्याचं पुन्हा विचारलं. परीक्षा सुरू आहेत, मी सिनिअर सुपरवायझर, या आठवड्यात अशक्य. तिला तसं शांतपणे सांगितलं. "बरं," म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं. आईला परीक्षेच्या जबाबदाऱ्या कळत नाहीत.

रूपा डाव्या हाताने पोळ्या लाटायला शिकते आहे. आकार नकाशासारखे येतात. मी गमतीने म्हटलं, आज श्रीलंका आली. ती हसली नाही. पूर्वी हसायची.

फिरणं बंद आहे. उन्हाळा.

१८ मार्च, दुपारी

आला! एनएमआर आला!

घरी कोणी नाही. रूपा आणि आई सकाळच्या गाडीने अकोल्याला गेल्या. लग्नसराई आहे, कापड घ्यायचं असेल. रूपाने मला काही सांगितलं होतं बहुतेक काल, मी मान डोलावली होती. पोळी-भाजी झाकून ठेवली आहे. ती खाईन. आधी पीडीएफ.

१८ मार्च, त्यानंतर

प्रिंट काढून आणली. टेबलावर पसरली आहे. काय सुंदर दिसतं! शून्यावर टीएमएसची रेघ, जिथून सगळं मोजायचं, आमच्याकडे हायवेवर शून्य किलोमीटरचा दगड असतो तशी. सात पॉइंट सव्वीस पीपीएमला, म्हणजे मोजपट्टीवरच्या त्या खुणेला, सँपल ज्यात विरघळवलं तो क्लोरोफॉर्म. सात-आठच्या आसपास बेंझिनच्या कड्याची गर्दी. सगळं अपेक्षेप्रमाणे.

मधे रूपाचे दोन फोन येऊन गेले. एकदा मी संस्थेशी बोलत होतो, एकदा पट्टी लावून रेघा मोजत होतो. कट केले. कापडाचा रंग विचारायचा असेल. तिला कोणताही शोभतो.

१८ मार्च, संध्याकाळी

एक गोष्ट खटकते आहे. दहा पीपीएमच्या पुढे, डावीकडे अगदी टोकाला, एक रेघ आहे. एकटी. सरळ. तिथे फक्त अल्डिहाइडचा हायड्रोजन बसतो. पण अल्डिहाइड तर संपलं पाहिजे होतं, किटोनशी जुळून. आणि अडीचच्या थोडं पुढे आणखी एक उंच रेघ, किटोनच्या मिथाइलची. तीही संपली पाहिजे होती.

मशीनमध्ये बिघाड असेल. हेलियम कमी पडलं असेल. दुसऱ्याच कोणाचं सँपल असेल.

रूपा आणि आई आत्ताच आल्या. दोघी थकलेल्या. पिशव्या दिसल्या नाहीत, म्हणजे कापड पसंत पडलं नसावं. रूपाने गळ्याभोवती काहीतरी जाड, पांढरं गुंडाळलं आहे. एवढ्या उन्हाळ्यात मफलर! विचारायला पाहिजे होतं. पण दहा पीपीएमशिवाय काही सुचत नाही.

आई बोलत नाहीये. भांडी मात्र बोलत आहेत.

१९ मार्च, दुपारी, लॅबमध्ये

संघपालला प्रिंट दाखवली. पाहिली त्याने, बराच वेळ. मग म्हणाला, "जगदेवभाऊ, यात नवीन कोणी नाई. दोघं जसे गेले होते तसेच आले." प्लेटवरच्या दोन ठिपक्यांचं नाव त्याने काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

भाऊसिंगला बोलावलं. त्या दिवशी टेबलाला हात लावला होतास का?

"नाई साहेब. तुमी सांगतलं होतं न."

मग स्टरर रात्रभर चालला ना?

"कसा चालन साहेब? मेन स्विच त मी रोजच बंद करतो न सहा वाजता. प्राचार्यांचा आदेश हाये. लाइनीचं बिल."

म्हणजे माझे दोघे जण अर्धा तास सोबत फिरले आणि नंतर एकाच भांड्यात एकमेकांशेजारी नुसते पडून राहिले. पोटॅशही जुनं होतं, बाटलीत दगड झालेलं. बर्फाच्या पाण्यात दोघे घट्ट झाले, त्यांना मी 'जे-वन' म्हटलं. मी घेतलेल्या अल्डिहाइडचा रंग मुळातच पिवळा असतो. हे बाटलीवर लिहिलेलं आहे.

भाऊसिंग विचारत होता, "काई चुकलं का साहेब?" नाही म्हटलं. चहा आण म्हटलं.

१९ मार्च, संध्याकाळी

घरी आलो. ठरवलं होतं की रूपाला सगळं सांगायचं, स्विच, प्राचार्य, सगळं. ती खाटेवर बसली होती. गळ्यात तेच पांढरं. मी बोलायला तोंड उघडलं आणि तेव्हा दिसलं की तो मफलर नाही. कॉलर आहे, पट्ट्याची, दवाखान्यातली.

विचारलं, हे काय?

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता दिसलं वाटते त्याले."

रूपा म्हणाली, "कालच्याला एमआरआय केला न. सोमवारी रात्री सांगतलं होतं तुमाले. तुमी हो म्हटलं."

मी बसलो. खाटेवर नाही, खाली, जमिनीवर. म्हटलं, तू आत गेली होतीस?

"हाव."

मशीनमध्ये?

"हाव न. पुरी. डोक्याकडून सरकवते थे लोक. बांगड्या, मंगळसूत्र, केसातल्या पिना, सगळं काढून आईजवळ दिलं."

काय माणूस आहे मी. पहिला प्रश्न विचारला तो असा: कसं असतं? आणि विचारतच गेलो. बोगदा किती रुंद, आत उजेड असतो का, गार लागतं का, लांबी किती. ती सांगत गेली. नाकाच्या वर वीतभर जागा. पांढरंशुभ्र. एसीचं गार. "अन आवाज बापा, लय मोठा. पत्र्यावर कोणी हातोडा ठोकून राह्यलं असं. थांबते, अन वेगळ्या तालात सुरू होते. थे तुमी नाई सांगतलं."

मला माहीत नव्हतं. म्हणजे पुस्तकात आहे. शिकवताना मी कधी सांगितलं नाही, कारण आवाज परीक्षेत येत नाही.

म्हटलं, भीती वाटली?

"वाटली न. हातात एक रबरी फुगा देते, भेव वाटलं त दाबा म्हणते. उजव्या हातात दिला. मले समजतच नव्हतं की फुगा हातात हाये का सुटला." उजवी मूठ उघडून पाहिली. "मंग तुमचं आठवलं, सारे पोट्टे सावधान उभे रायतात थे. म्हटलं, रायजा बापा आणखी थोडे उभे, लवकर होऊन जाऊ द्या. आत जायच्या आंधी फोन लावला होता तुमाले. अन भाईर आल्यावर."

कापडाचा रंग.

मानेतली गादी सरकली आहे, नसेवर दाब आहे. दोन महिन्यांआधी आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले, हे आईने सांगितलं. रूपाने नाही सांगितलं. ऑपरेशन लागेल का ते सोमवारी ठरेल.

स्विचचं सांगायचं राहून गेलं.

२४ मार्च, पहाटे

आज अकोला. रजा टाकली. प्राचार्य म्हणाले, परीक्षेच्या दिवसात? म्हटलं, हो. कारण विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. माझी सुपरविजन संघपाल करतो आहे. स्वतःहून म्हणाला.

काल रूपाने विचारलं, "मशीन पायले येऊन राह्यले का? आता मशीन नाई. फक्त डॉक्टरले दाखवाचं हाये."

माहीत आहे म्हटलं.

"मंग कायले येता?"

असंच, म्हटलं. तिने मान वळवता येत नाही म्हणून सगळं अंग वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "खिडकीची सीट मले पायजे."

२४ मार्च, संध्याकाळी

आलो परत. सगळं नीट लिहितो.

बस वेळेवर होती. तिला खिडकी मिळाली. दवाखान्यात गर्दी होती, नंबर बराच मागे. बाकावर बसलो, तिची पर्स माझ्या मांडीवर. समोर एक जाड दरवाजा, वर लाल दिवा, चुंबकाची पाटी. आत कोणीतरी होतं. भिंतीतून आवाज येत होता. पत्र्यावर हातोडा. थांबला, मग दुसऱ्या तालात सुरू झाला. अगदी तिने सांगितला तसा.

मी ऐकत होतो. प्रत्येक तालाला काय चाललं असेल ते मनात जुळवत होतो. इथे चुंबकाचा जोर बदलत असेल, इथे लहर सोडली असेल, आता प्रोटॉन परत येत असतील. इतकी वर्षं जे फळ्यावर काढलं, ते एका भिंतीपलीकडे चाललं होतं. लाल दिवा विझला. दार उघडलं, एका म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं, दार बंद झालं. तेवढ्यात आतलं काही दिसलं नाही. एका पांढऱ्या भिंतीचा कोपरा दिसला.

वळून रूपाला सांगायला गेलो, तर बाक रिकामा.

थोड्या वेळाने ती डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आली. हातात कागद होते, डाव्या हातात. म्हटलं, नंबर लागला होता?

"हाव. दोनदा हाक मारली त्यानं. तुमी आयकून राह्यले होते न." रागावली नव्हती. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. "झालं. चला, गाडी निघून जाईन."

डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहून ठेवतो. ऑपरेशन तूर्तास नको. कॉलर ठेवायची. जड उचलायचं नाही. फिजिओथेरपी, एक दिवसाआड. बोटातला जोर येईल, पण वेळ लागेल. पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. उजव्या हाताने फळ्यावर लिहिणं सध्या बंद. हे सगळं रूपाने बसमध्ये सांगितलं, वाटेतलं आमच्याकडचं मालेगाव सोडल्यावर. डॉक्टरांसमोर मी नव्हतो.

आई हाक मारते आहे. नळ आले. बादल्या भरायच्या आहेत. जातो.